क्युकम्बर: बटण हललं की सिनॅरिओ लाल. लिहायचे तरी कसे?

टेस्टर_ठाणे:
ऑनलाइन किराणा ॲपसाठी क्युकम्बर (साध्या भाषेतल्या उदाहरणांवरून सॉफ्टवेअर तपासणारं टूल) वापरतोय, स्टेप डेफिनिशन (उदाहरणाच्या प्रत्येक ओळीमागे चालणारा कोड) जावात. नियम साधा आहे: 499 रुपये किंवा जास्त माल असेल तर डिलिव्हरी फुकट, नाहीतर 40 रुपये. पण सिनॅरिओ (तपासायचं एक उदाहरण) 14-15 ओळींचा होतो. लॉगिन पान उघड, नंबर टाक, ओटीपी टाक, तूरडाळ शोध, 'ॲड' दाब… चार्ज तपासायची ओळ अगदी शेवटी. स्क्रीनवर काही बदललं की निम्मे सिनॅरिओ लाल म्हणजे नापास होतात, आणि प्रॉडक्ट ओनर (ॲपचे नियम ठरवणारे) सिनॅरिओंची फाइल उघडूनही बघत नाहीत. कुठे चुकतंय?

कोडकरी:
नियम चार्जचा आहे आणि 14 पैकी 13 ओळी चार्जबद्दल काहीच सांगत नाहीत. मग प्रॉडक्ट ओनर काय वाचणार? एवढं पुरे:

परिदृश्य: 499 च्या खालची ऑर्डर
जर टोपलीत 498 रुपयांचा माल आहे
जेव्हा ग्राहक ऑर्डर नक्की करतो
मग डिलिव्हरी चार्ज 40 रुपये लागतो

लॉगिन आणि टोपली भरणं स्टेप डेफिनिशनच्या आत जाऊ द्या, तेही स्क्रीनवरून नको. स्क्रीन टाळून थेट सर्व्हरशी बोलणाऱ्या एपीआयला कॉल करून टोपली तयार करा. बटणाचा पत्ता पेज ऑब्जेक्टमध्ये (एका पानाची माहिती धरून ठेवणारा कोड) एकाच जागी ठेवा, म्हणजे बटण हललं तर एकच ओळ बदलावी लागेल. ओटीपीचा स्क्रीन तपासायचाच असेल तर त्याचा एक वेगळा सिनॅरिओ करा, प्रत्येकाच्या डोक्यावर तो नको.

दुसरं उदाहरण 499 चं घ्या, चार्ज 0. लोक 500, 600, 1000 अशा ओळी उदाहरणांच्या टेबलात वाढवत बसतात, त्यातून नवीन काही कळत नाही. चूक होते ती 'पेक्षा जास्त' आणि 'किंवा जास्त' यांत, आणि ती 499 वरच पकडली जाते.

आणि आधीच्या सिनॅरिओने भरलेल्या टोपलीवर पुढचा अवलंबून ठेवू नका. एकामागून एक चालवले तर सगळं हिरवं दिसतं, पॅरलल (एकाच वेळी) चालवले की कुठलाही पडतो आणि कारण सापडत नाही.

देवनागरी_डेव्ह:
मराठीत लिहिणार असाल (फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड द्यावा लागतो) तर दोन ठिकाणी अडकू शकता.

पहिलं, आकडे. कुठे '४९९' आणि कुठे 499 अशी सरमिसळ नको. सगळीकडे 499 असंच लिहा.

दुसरं जास्त छळतं. 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण मॅच होत नाहीत, म्हणजे त्या ओळीचा कोड क्युकम्बरला सापडत नाही. फीचर फाइल (सिनॅरिओंची फाइल) एकाने आणि कोड दुसऱ्याने वेगळ्या कीबोर्डवर लिहिला की हे होतंच. स्टेपचा मजकूर हाताने पुन्हा टाइप करू नका, कॉपी करा.

शिवाय क्युकम्बर एक्स्प्रेशनमध्ये (कोडमध्ये ओळीचा जो नमुना लिहितो त्यात) तिरकी रेघ म्हणजे 'हा किंवा तो शब्द' आणि कंस म्हणजे 'असला तर असला'. 'रुपये/किलो' जसंच्या तसं हवं असेल तर रेघेआधी बॅकस्लॅश (\) द्या. जावाच्या स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) तो दोनदा लिहावा लागतो.

टेस्टर_ठाणे:
लिहून पाहिलं, चार ओळींत बसलं. पण कूपनवर अडलो. माल 520 चा, कूपन 50 चं. चार्ज लावायचा की नाही?

कोडकरी:
हे तुम्ही किंवा डेव्हलपरने ठरवायचं नाही. अट कूपनआधीच्या रकमेवर असेल तर ग्राहक 470 देईल, कूपननंतरच्या रकमेवर असेल तर 470 अधिक 40, म्हणजे 510. दोन्ही सिनॅरिओ लिहून प्रॉडक्ट ओनरसमोर ठेवा आणि 'यातला कुठला खरा?' एवढंच विचारा. ही फाइल ते नक्की वाचतील. सुट्या भाजीमुळे बिल 498.60 आलं तर आधी राउंड करायचं का, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या. पैसे आले की स्टेपमध्ये फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा) वापरा.