जुळी आहेत, ड्यू डेट कोणती धरायची? घरात सध्या चार तारखा आहेत

पहिलीच खेप, त्यात जुळी. राहायला कोथरूडला. कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

शेवटची पाळी १० जूनची. माझी पाळी २८ दिवसांनी कधीच येत नाही, बहुतेक वेळा ३८ दिवस जातात. जुलैच्या शेवटी पहिली सोनोग्राफी केली तेव्हा पाळीवरून ७ आठवडे भरत होते, पण दिसल्या नुसत्या दोन पिशव्या. ठोके नाहीत. पुढचे दहा दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मग दोघांचेही ठोके लागले.

आज विसर्जन, रस्ते बंद, म्हणून काल सकाळीच एनटी स्कॅन (तिसऱ्या महिन्याच्या शेवटी करतात ती सोनोग्राफी) उरकला. बाळ ए: सीआरएल ६२ मिमी, १२ आठवडे ४ दिवस. बाळ बी: ५८ मिमी, १२ आठवडे २ दिवस. पाळीवरून मात्र काल १४ आठवडे पूर्ण! खाली ‘डायकोरिऑनिक, लॅम्डा साइन’ असं काहीतरी.

तर फाइलवर १७ मार्च, सासूबाईंच्या नऊ महिने नऊ दिवसांनी १९, एवरून २७ आणि बीवरून २९. आमच्या डॉक्टर गुरुवारपर्यंत बाहेरगावी आहेत आणि ऑफिसला रजेसाठी तारीख हवी आहे. खरी धास्ती वेगळीच आहे. बी मागे पडलंय का? की ते दोन दिवस उशिरा राहिलं?

प्रतिसाद १

मी सोनोग्राफीच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयव्हीएफ नाही असं धरून चालते. असतं तर अंडी काढल्याच्या तारखेवरून थेट हिशेब झाला असता.

१७ मार्च ही तारीख पाळीच्या १४व्या दिवशी अंडं सुटलं असं मानून काढलेली आहे. तुमचं चक्र ३८ दिवसांचं, म्हणजे अंडं सुटतं साधारण २४व्या दिवशी. हरवलेले दहा दिवस इथेच सापडले. जुलैत ठोके का दिसले नाहीत तेही यातच आलं, तेव्हा जेमतेम साडेपाच आठवडे झाले होते.

सीआरएल म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. ती ४५ ते ८४ मिमीच्या दरम्यान असताना वय ठरवायला चांगली, पुढे डोक्याचा घेर बघतात. जुळ्यांत मोठ्या बाळाचं माप धरायचं, सरासरी नाही. लहान बाळावरून तारीख काढली आणि तेच खरोखर मागे पडत असेल, तर कागदावर ते अगदी नॉर्मल दिसतं आणि त्याची अडचण लक्षातच येत नाही. म्हणून २७ मार्च.

बी उशिरा राहिलेलं नाही, दोघांचं वय एकच. ६२ मध्ये ४ चा फरक म्हणजे साधारण साडेसहा टक्के. १० टक्के किंवा जास्त असता तर फीटल मेडिसिनवाल्यांकडे, म्हणजे पोटातल्या बाळांच्या तज्ज्ञांकडे, पाठवलं असतं. शिवाय बाळानं हनुवटी छातीला टेकवली की माप तेवढंच कमी भरतं, रोज बघतो आम्ही.

पुढच्या स्कॅनमध्ये मशीन प्रत्येक वेळी नवी तारीख छापेल. तिकडे बघायचं नाही, आता ठरली ती ठरली.

आणि तुम्ही ‘असं काहीतरी’ म्हणून सोडलेली ओळ मला तारखेपेक्षा महत्त्वाची वाटते. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला (लॅम्डा साइन), म्हणजे दोघांची वार वेगळी (डायकोरिऑनिक). वार एकच असती तर १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी बोलावलं असतं. तुमचं सहसा चार आठवड्यांनी. तो रिपोर्ट जपून ठेवा, नंतर हे इतकं स्पष्ट दिसत नाही.

प्रतिसाद २

मीही जुळ्यांची आई. ताई, २७ मार्च ही कागदावरची तारीख. वेगळी वार असली तरी सगळं ठीक असताना साधारण ३७ आठवड्यांत बाळंतपण करतात, म्हणजे तुमच्या बाबतीत ६ मार्चच्या सुमारास. रजेचा अर्ज तो हिशेब धरून करा. २६ आठवड्यांपैकी ८ बाळंतपणाआधी घेता येतात. बॅग फेब्रुवारीच्या मध्यालाच भरून ठेवा.

धागाकर्ती

दोघींचे खूप आभार. गुरुवारी डॉक्टरांनी फाइलवरचं १७ खोडून २७ लिहिलं, बीबद्दल काळजी नको म्हणाल्या. सासूबाईंचा एकच प्रश्न होता, सातव्या महिन्याचं डोहाळजेवण कोणत्या तारखेवरून मोजायचं. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, जुळी आहेत, सातव्याची वाट न बघता जरा आधीच उरका.