शाकाहारी मामांसाठी लंडनमधला जुना पब: मदत हवी आहे

मंडळी, सप्टेंबरात कोल्हापूरहून मामा येताहेत. बिअर आवडीने घेतात, पण पक्के शाकाहारी. अंडंसुद्धा चालत नाही. त्यांना हातपंपाने ओढलेली खरी कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर, पाजायची माझी फार इच्छा आहे. पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी, वरून गॅस न भरलेली, तळघरातल्या 11 ते 13 अंशांच्या गारव्यातली. फ्रीजमधल्या बिअरची सवय असेल तर पहिला घोट कोमट वाटतो, पण चव कळते ती त्यामुळेच.

अडचण अशी की ही एल नितळ करायला बरेच ब्रूअर आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. मामांना न सांगता ती पाजणं मला पटत नाही.

साउथवर्कचा जॉर्ज इन तर दाखवणारच. 1676च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला, लाकडी सज्ज्यांचा, आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचा. पण आयसिंग्लास न घातलेली, थोडी गढूळ एल हातपंपावर नेहमी मिळते असा जुना पब मध्य लंडनमध्ये कुणाला माहीत आहे का? आणि बारवर नेमकं काय विचारायचं? मामांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ट्यूब स्टेशनच्या जवळचा असेल तर फार बरं होईल.