गाऊट : ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पुन्हा पाय सुजला, गोळी चालू ठेवावी का?

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. माझ्या यजमानांना (वय ५८) गेल्या वर्षापासून गाऊटचा (रक्तातील युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे स्फटिक साठण्याचा) त्रास आहे. रात्री व्यवस्थित झोपलेल्या माणसाला पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागतो की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. पहिल्या वेळी ऐन दुखण्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड ६.१ आले, त्यामुळे पाय मुरगळला असावा असे समजून उपचार झाले. अशा दुखण्याच्या झटक्याच्या काळात हा आकडा खाली दिसू शकतो हे नंतर कळले. सूज ओसरल्यावर तो ८.७ निघाला.

आता डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून आकडा ६ च्या खाली आणण्याचे ठरवले आहे आणि सोबत झटके टाळण्यासाठी कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम दिले आहे. कोल्चिसिनने जुलाब होऊ लागले म्हणून यजमानांनी ते परस्पर बंद केले आणि थोड्याच दिवसांत घोटा सुजला. अंगावर ॲलर्जीचे पुरळ वगैरे काही नाही, तरीही ॲलोप्युरिनॉलनेच झटका आणला असे म्हणून ते तीही गोळी सोडायला निघाले आहेत. रक्तातील प्रमाण उतरू लागले की सांध्यात साठलेले स्फटिक सुटू लागतात, त्यामुळे पहिले काही महिने झटके येऊ शकतात आणि त्यासाठी गोळी थांबवायची नसते, असे माझ्या वाचनात आले आहे. पण ठणकणाऱ्या पायापुढे बायकोचे वाचन चालत नाही.

ज्यांनी हा काळ काढला आहे त्यांनी कृपया सांगावे, झटके साधारण कधी विरळ झाले? कोल्चिसिन सोसत नसल्यास तुमच्या डॉक्टरांनी कोणता पर्याय दिला? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) १.५ असल्यामुळे डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या त्यांना मना आहेत.

शिवाय त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, ज्याने युरिक ॲसिड वाढते. त्याऐवजी लोसार्टन घेऊन कोणाला फरक पडला का? पुढच्या भेटीत हे विचारणारच आहे.

पथ्याचे म्हणाल, तर सासूबाईंनी तुरीचे वरण बंद केले आहे, मित्रांबरोबरची बिअर मात्र अबाधित आहे. डाळींमुळे गाऊटचा धोका वाढत नसल्याचे वाचले आहे. तुमच्याकडे वरण चालू आहे का?