'साइड इफेक्ट'ला दुष्परिणाम म्हणावं का?

खटपट्या
तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांसाठी फंक्शनल प्रोग्रॅमिंगवर मराठी टिपणं लिहितोय. 'साइड इफेक्ट'शी, म्हणजे फंक्शन उत्तर देण्याखेरीज बाहेर जे काही बदलतं त्याच्याशी, अडलोय. सवयीने 'दुष्परिणाम' लिहिलं, तर सहकारी म्हणाला, "डेटाबेसात नोंद करणं, स्क्रीनवर छापणं, यात 'दुष्' काय? त्यासाठीच तर प्रोग्रॅम लिहितो." पटलं. मग काय म्हणू? ('फंक्शन'ला 'फलन' म्हणतोय, त्यावर कृपया वाद नको.)

चिंचोका
'फलन' हिंदी आहे.

मोडीवाचक
विश्वकोशात बघा. फलनच आहे.

रात्रपाळी
दुष्परिणामच ठेवा. आमच्याकडे बिलाची बेरीज करणारं एक फंक्शन होतं. ते जाता जाता मूळ यादीतल्या किमतीवरच दहा टक्के सवलत लावून ठेवायचं. शंभराच्या वस्तूचे एकदा बोलावलं की ९०, दुसऱ्यांदा बोलावलं की ८१. नावात सवलतीचा 'स'सुद्धा नव्हता. सापडायला दोन रात्री गेल्या. तेव्हापासून हास्केल या फंक्शनल भाषेवाल्यांना हसणं बंद केलं. तेच दिलं तर तेच उत्तर, आणि मूळ यादीला हात लावायचा नाही. मला एवढंच हवंय, बाकी त्यांचं गणित त्यांना लखलाभ.

चिंचोका
त्यासाठी हास्केल कशाला? जावातसुद्धा २०१४ पासून लॅम्डा (बिननावाची फंक्शनं) आहेत.

रात्रपाळी
लॅम्डा आहेत हो, पण यादी बदलायला कोणी अडवत नाही.

मोडीवाचक
मुळात 'परिणाम' म्हणजेच बदल. सांख्यांचा परिणामवाद आठवा: दुधाचं दही होतं, तो परिणाम. म्हणजे यादीतली किंमत बदलणं हा अस्सल परिणाम झाला. 'दुष्' काढा, नुसतं 'आडपरिणाम' म्हणा. आडवाट, आडनाव, तसं.

शेवपुरी
आजोबा, तुमच्या सांख्यांचं दूध गेलं ना पण! फंक्शनलमध्ये दही वेगळं मिळतं आणि दूध तसंच राहतं. म्हणून तर आवडतं.

आणि 'प्युअर'ला, म्हणजे आडपरिणाम नसलेल्या फंक्शनला, शुद्ध नको, तुपाची जाहिरात वाटते. 'सोवळं' म्हणा. हास्केलमध्ये बाहेरच्या जगाला शिवलेल्या फंक्शनच्या टाइपवर आयओचा (इनपुट-आउटपुटचा) शिक्का बसतो, आणि त्याचा उपयोग करून घेणाऱ्यावरही बसतो. आजीच्या स्वयंपाकघरात हेच चालायचं.

उंबरठा
ज्या शब्दाने माणसांना दाराबाहेर ठेवलं, तो मुलांना कौतुकाने शिकवायचा?

शेवपुरी
कौतुक नाही, उपमा आहे.

उंबरठा
उपमा कोणाला चटकन कळते आणि कोणाला टोचते, तेही बघा. शिवाय ती चुकतेय. आयओवालं फंक्शन साध्या फंक्शनला खुशाल बोलावतं, त्याने ते बाटत नाही. आजीला ओवळ्याने शिवून बघा!

रात्रपाळी
हा मुद्दा बिनतोड आहे.

चिंचोका
सरळ 'साइड इफेक्ट' लिहा. मुलाखतीत आडपरिणाम म्हणाला तर पोरगं घरी परत येईल.

मोडीवाचक
'महापौर', 'दिनांक' यांनाही लोक हसले असतीलच. आज कोणाला खटकतात? शब्द वापरला की रुळतो.

चिंचोका
दिनांक फॉर्मवर. तोंडात तारीखच.

खटपट्या
मंडळी, टिपणं उद्या सकाळी छापायला जातायत. आडपरिणाम की साइड इफेक्ट?

शेवपुरी
दोन्ही. पहिल्यांदा आडपरिणाम, पुढे मुलं ठरवतील. आजोबा, एक विचारायचं होतं. तुम्ही दही 'लावता' की 'विरजता'? सासरी मी 'लावते' म्हटलं की हसतात.

मोडीवाचक
विरजण लावतात, दूध विरजतात. उत्साहावर मात्र विरजण पडतं.

उंबरठा
आमच्याकडे दहीच लावतात. आणि अर्धवट लागलेलं ते अदमुरं.

चिंचोका
अधमुरं. 'अर्ध'वरून आलंय ना?

मोडीवाचक
उच्चारात अदमुरंच. थांबा, जुना कोश काढतो.