सही झाली म्हणजे कायदा लागू झाला असं नाही

राष्ट्रपतींची सही झाली की कायदा त्याच दिवशी लागू, असं बरेचदा म्हटलं जातं. कायद्यात तारीखच नसेल तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार (सगळ्या केंद्रीय कायद्यांना लागू असणारे सामाईक नियम सांगणारा कायदा) तसंच होतं. पण आधी त्या कायद्याचं कलम १ वाचा! भारतीय न्याय संहितेत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) तिथेच लिहिलंय की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवेल त्या दिवशी ती अमलात येईल. सही २५ डिसेंबर २०२३ ची, अंमल १ जुलै २०२४ पासून. त्यातूनही कलम १०६(२) वगळलं. अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं तेच ते, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला होता. पुस्तकात मात्र ते इतर कलमांसारखंच छापलेलं दिसतं, म्हणून लोक फसतात. अंमलाची तारीख ठरवणारी आणि हे कलम वगळणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना ई-गॅझेटवर (राजपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर) फुकट मिळते, जरूर उघडून बघा.