मदत हवी आहे: प्रोजेक्टची 'करंट फेज' काय लिहू? सोमवारी रिव्ह्यू

बुटीबोरीकर: साहेबांचा मेल आला, "करंट फेज लिहून पीपीटी पाठवा." पुस्तकात पाच सापडल्या: इनिशिएशन, प्लॅनिंग, एक्झिक्युशन, मॉनिटरिंग-कंट्रोल, क्लोजर. इथे तीन एकदमच चालू आहेत. कोणती लिहू? लवकर सांगा.

संत्राबर्फी: कशाचा प्रोजेक्ट भाऊ? सॉफ्टवेअर, बिल्डिंग, का बहिणीचं लग्न?

पीएमपीवाला: पीएमपीचं, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचं, सर्टिफिकेशन करून टाका. ३५ तासांचं ट्रेनिंग अन् प्रोजेक्ट चालवल्याचा काही वर्षांचा अनुभव असला की परीक्षेला बसता येतं. मला खूप फायदा झाला.

हिंगण्याचा फिटर: सोमवारपर्यंत?

बुटीबोरीकर: पॅकिंगची नवी लाइन बसवून राहिलो. लिहायचं राहिलं. फाउंडेशन झालं, मशीन आली, बोल्ट ४० मिमीने चुकले. व्हेंडरने ड्रॉइंगची रेव्हिजन २ (सुधारलेली प्रत) पाठवली होती, सिव्हिलवाल्याने रेव्हिजन ० (पहिली प्रत) वरून फाउंडेशन ओतलं. मग पुन्हा प्लॅनिंगमध्ये गेलो का?

हिंगण्याचा फिटर: हे आत्ता सांगून राहिला का बे! जुने बोल्ट काप, नव्या जागी कोअर मार म्हणजे मशीनने भोक पाड, अन् केमिकल अँकर (रसायनाने चिकटणारा बोल्ट) टाक. दोन दिवसांचं काम.

रिटायर्ड इंजिनीअर: व्हेंडरच्या लेखी होकाराशिवाय कोअर मारू नका, व्हायब्रेशनचा भार त्यालाच माहीत. आता फेजचं. ते पाच टप्पे नाहीत, प्रोसेस ग्रुप म्हणजे कामांचे गट आहेत. मॉनिटरिंग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालतं. तुमच्या फेज म्हणजे डिझाइन, खरेदी, सिव्हिल, इरेक्शन (मशीन बसवणं), कमिशनिंग (चालवून तपासणं), हँडओव्हर. प्रत्येकीत ते पाचही ग्रुप फिरून येतात. "इरेक्शन, थांबलेलं" लिहा. खाली चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाला मंजुरी मागणारा अर्ज, जोडा: दिवस किती, खर्च किती, सही कोणाची.

पीएमपीवाला: पीएमबॉक, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मुख्य गाइड, त्याची सातवी आवृत्ती २०२१ ची आहे काका, तिचा भर १२ तत्त्वांवर आहे. तिच्यात प्रोसेस ग्रुप मागे पडले.

रिटायर्ड इंजिनीअर: बोल्टला आवृत्ती कळत नाही.

संत्राबर्फी: आपल्या नागपूर मेट्रोचं काय म्हणाल? मार्च २०१९ ला गाडी सुरू, पहिला टप्पा पूर्ण डिसेंबर २०२२ ला, आणि त्याच दिवशी दुसऱ्याची पायाभरणी. क्लोजर का इनिशिएशन?

हिंगण्याचा फिटर: दोन्ही. तू तिकीट काढ अन् बस.

घरबांधणी: नवीन काँक्रीट ओतलंत तर गोणपाट टाकून पाणी मारा. कोरड्या गरम हवेत किमान १० दिवस, काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६) आहे. आमच्या स्लॅबला मे महिन्यात चौथ्याच दिवशी भेगा पडल्या, ठेकेदार म्हणे ऊन जास्त आहे. नागपुरात ऊन नाही तर काय बर्फ पडणार?

संत्राबर्फी: त्यानं स्लॅबचं विचारलंच कुठे, बाप्पा?

बुटीबोरीकर: "इरेक्शन, थांबलेलं" लिहून पाठवलं. व्हेंडरलाही मेल टाकला. सिव्हिलवाला म्हणतो रेव्हिजन २ त्याला मिळालीच नाही, आणि मी शोधलं तर ती खरंच माझ्याच ड्राफ्टमध्ये पडलेली होती. चेंज रिक्वेस्टवर कारण काय लिहू? आणि साहेब आता विचारून राहिले, "किती टक्के झालं?" ते कसं काढतात?