मदत हवी आहे: दातांच्या दवाखान्यातल्या इंटर्नसाठी माहितीपुस्तिका

नमस्कार मंडळी. आमच्या दातांच्या दवाखान्यात शिकायला येणाऱ्या इंटर्नसाठी छोटी मराठी पुस्तिका लिहितेय. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, एवढं झालंय. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचं, हे पान पहिलंच ठेवलंय. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात, आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं.

अडलंय ते बोलण्यापाशी. भुलीचं इंजेक्शन बघून रडणाऱ्या लहानग्याला काय सांगायचं, हे नियमासारखं लिहिलं की फार कोरडं वाटतं. तुम्ही कसं लिहिलंत? आणि इंटर्न मंडळींनो, पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुणी काय सांगायला हवं होतं?